लिंबू, पांढऱ्या पेशी आणि रसवाल्याची पाटी

नाशकातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी ओळखीपाळखीचे लोक लिंबाबद्दल अजून मलाच विचारतात. त्यांना जे सांगते ते हे.

१. साल टाकू नका. मिसळीबरोबर आलेली फोड पिळून आपण ताटाच्या कडेला सारतो. बुधवारच्या बाजारातही पातळ सालीचं लिंबू आधी संपतं, रस जास्त म्हणून. पण हेस्पेरिडिन हे लिंबूवर्गीय फळांतलं फ्लेव्होनॉइड रसापेक्षा सालीत आणि तिच्या आतल्या पांढऱ्या थरात जास्त असतं. १८२८ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही संत्र्याच्या सालीतून. उपासाचं गोड लोणचं सालीसकट घालणाऱ्या आमच्या सासूबाईंना हे नाव ठाऊक नव्हतं, एवढंच.

२. ‘इम्युनिटी वाढवा’ ही पाटी कोरोनापासून रसाच्या गाड्यांवर जी चढली ती उतरलेली नाही. प्रयोगशाळेत दिसतं ते जवळजवळ उलट. मॅक्रोफेज या भक्षक पेशींना जिवाणूच्या आवरणाचा अंश दिला की त्या खवळतात, टीएनएफ आणि आयएल-६ ही दाहाचा निरोप देणारी प्रथिनं सोडतात, दाह वाढतो. आधी हेस्पेरिडिनपासून होणारं हेस्पेरेटिन किंवा त्याच्याच जातीचं नॅरिंजेनिन दिलेलं असेल तर हा स्राव कमी होतो. म्हणजे इथे काम आहे ते लगाम घालण्याचं. सतत चढती प्रतिकारशक्ती कुणाला हवी असेल, तर त्याने, जिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे अशा संधिवाताच्या व्यक्तीला भेटून यावं!

३. प्रयोगशाळेतल्या बशीतली पेशी आणि आपलं पोट यांत फार अंतर आहे. हेस्पेरिडिनला साखरेची जोड असते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती तोडतात, तेव्हा कुठे हेस्पेरेटिन शोषलं जातं. पुढे आतड्याची भिंत आणि यकृत त्याचं रूप बदलतात. रक्तात पोचतं ते अगदी थोडं, तेही माणसागणिक वेगळं. बशीत मात्र सढळ हाताने घालतात.

४. क जीवनसत्त्वाची बाजू जास्त पक्की. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ते रक्तद्रवाच्या कित्येक पट साठवून ठेवतात. तरी रोज गोळ्या घेऊन सर्दी टळत नाही; मोठ्यांमध्ये ती सुमारे ८ टक्के लवकर आटोपते. हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, म्हणून वरणात लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर.

५. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असेल, तर ग्रेपफ्रूट आणि पपनस डॉक्टरांना विचारूनच खा. त्यांतली फ्युरानोकौमरिनं आतड्यातलं एक विकर बंद पाडतात आणि गोळी रक्तात जास्त उतरते. वरणावरच्या फोडीला घाबरू नका.