झोप येत नाही, म्हणून?

चि. रोहन यास,


अंगावर पित्त उठलं की तू एव्हिलची गोळी घेतोस आणि ‘मला तिने झोप येत नाही’ असं म्हणत लगेच गाडी काढतोस, हे तुझ्या आईकडून कळलं. गोळी घेऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. गांधी उठल्यावर रात्रभर खाजवत बसण्यात काही शहाणपण नाही आणि या गोळीने खाज खरोखर थांबते. पण झोप येते की नाही, एवढ्यावरून गाडी चालवायची की नाही हे ठरवू नकोस. त्वचेत खाज उठवणारं हिस्टामिनच मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. एव्हिल, क्लोरफेनिरामिन यांसारखी जुनी औषधं मेंदूत शिरून तिथलंही त्याचं काम अडवतात. मग पेंग आली नाही तरी लक्ष मंदावतं, ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होतो आणि तो उशीर ज्याचा त्याला जाणवत नाही. अमेरिकेतल्या आयोवा इथल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ॲलर्जीच्या ४० रुग्णांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली होती. डायफेनहायड्रामिन या याच जातीच्या औषधानंतर त्यांचं चालवणं दारूनंतरच्या चालवण्यापेक्षाही वाईट ठरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्याला किती झोप येतेय हे त्यांनी जे सांगितलं, त्यावरून ते गाडी कशी चालवतील याचा नीट अंदाज बांधता येत नव्हता. तुझा सगळा भरवसा नेमका त्याच जाणिवेवर आहे.

‘मग रात्री घेईन,’ असं तू म्हणशील. ते बरं, पण पुरेसं नाही. क्लोरफेनिरामिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण २० तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी आठला ऑफिसला निघताना निम्म्याहून अधिक अंगात असते. रोज घेऊन सवय होते हेही काही अंशी खरं आहे, पण तू अधूनमधून घेणारा. तुला त्या सवयीचा आधार नाही. दिवसा गाडी चालवायचीच असेल, तर फेक्सोफेनाडिनसारखं मेंदूत फारसं न शिरणारं औषध डॉक्टरांना विचारून घे. ते फळांच्या रसाबरोबर नको, पाण्याबरोबर घ्यायचं. सेटिरिझिन सौम्य असलं तरी त्यानेही काहींना झोप येते.

जुनी गोळी घेतलीस, तर त्या दिवशी दारू नाही आणि झोपेची गोळीही नाही. सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक वाचत जा; त्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतंच, म्हणजे नकळत दुप्पट मात्रा. आणि तुझ्या पाकिटातली गोळी आजोबांना कधीही देऊ नकोस. त्या वयात तिने लघवी अडकते, भ्रम होतो, तोल जाऊन पडायला होतं.

पित्ताबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडला, तर मात्र गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नकोस. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. कुणाला तरी सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठ.

तुझी,
आत्या