जुनी कोरीव राजचित्रे : संग्रह आणि पारख



संग्रहाची हौस बहुतेक सर्वांस असते. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी आगपेट्यांवरील चित्रे. परंतु दोन-चार वर्षांत ती हौस ओसरते आणि पेटी माळ्यावर जाऊन पडते. याचे कारण असे की, जमविण्याबरोबर पाहावयास आपण शिकत नाही. ज्यात पाहणे हेच मुख्य आणि जमविणे त्यामागून येणारे, अशा एका संग्रहाविषयी आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहोत. तो संग्रह म्हणजे इंग्लंडच्या राजेराण्यांची जुनी कोरीव चित्रे.

यावर कोणी विचारील की, १९४७ साली ज्यांचे राज्य येथून गेले, त्यांच्या चित्रांशी आता आपले काय प्रयोजन? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या नागपुरातच मिळते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक निवर्तले, आणि १८५४ साली लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्याच डलहौसीच्या कारकिर्दीत, त्याच वर्षी, १ ऑक्टोबरला, सर्व हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे निघाली. आणि त्यांवर महाराणी व्हिक्टोरियेचे मुख होते. राज्य गेले आणि परक्या राणीचे मुख पत्रावर बसून घरोघरी आले, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस व्हिक्टोरियेस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची नागपूरची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. ती गिरणी आता बंद पडली आहे, तरी नाव लोकांच्या तोंडी आहे.

ज्या राणीने नागपूर कधी पाहिले नाही, तिचे मुख नागपूरच्या माणसास आपल्या गावच्या पाटलाइतके परिचित झाले, ते चित्रामुळे. म्हणून असे चित्र पूजेसाठी ठेवावयाचे नाही आणि रागाने फाडावयाचेही नाही; ते दस्तऐवज म्हणून वाचावयाचे. सत्ता आपले मुख लोकांपुढे कसे मांडते, हे त्यात कोरलेले असते. ते वाचण्याची रीत आपणांस शिकावयाची आहे.

कोरीव चित्र म्हणजे काय?

छायाचित्रणाची कला निघण्यापूर्वी एका चित्राच्या अनेक प्रती काढण्यास ते धातूवर किंवा लाकडावर कोरावे लागे. मुख्य रीत तांब्याच्या पत्र्याची होती. गुळगुळीत पत्र्यावर टोकदार पोलादी छिन्नीने रेषा खोदीत. शाई त्या चरांत भरून पत्र्याचा पृष्ठभाग पुसून काढीत. मग ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढीत. चरांतील शाई कागदावर उतरे. पत्र्यावर चित्र उलटे कोरावे लागे, हे सांगावयास नको. ही विद्या महाराष्ट्रास सर्वस्वी अपरिचित नव्हती. १८०५ साली मिरज येथे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने श्रीमद्भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्यात आली होती.

रेषांच्या कोरीव कामाखेरीज आणखी दोन रीती राजचित्रांत वारंवार आढळतात. पहिली मेझोटिंटची. हीत पत्रा प्रथम सर्वभर खरबरीत करीत, म्हणजे तो छापला असता सगळा काळाभोर उमटे. नंतर जेथे उजेड हवा तेथे तो घासून गुळगुळीत करीत. अशा रीतीने अंधारातून मुख वर येई. ही युक्ती लुडविग फॉन झीगेन या जर्मन गृहस्थाने १६४२ च्या सुमारास काढली, आणि पहिल्या चार्ल्स राजाचा भाचा राजपुत्र रूपर्ट याने ती इंग्लंडात आणली. मखमल, केस व सावली यांची मृदुता या रीतीत उत्तम साधते; परंतु पत्रा लवकर झिजतो, म्हणून आरंभीच्या प्रती फार मोलाच्या समजतात. दुसरी रीत ठिपक्यांची. १७६४ साली लंडनास आलेला इटालियन कारागीर बार्तोलोत्सी हिच्यासाठी प्रसिद्ध होता, आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यास आपला कोरीवकार नेमले होते. १८२० नंतर तांब्याऐवजी पोलादाचा पत्रा वापरात येऊ लागला. पोलाद लवकर झिजत नाही. त्यामुळे हजारो प्रती निघू लागल्या आणि राजाचे चित्र सामान्य गृहस्थाच्या घरी गेले.

या सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक पसरलेले कोरीव राजचित्र कोणते, असे विचाराल, तर ते टपालाचे तिकीट होय. मे १८४० मध्ये इंग्लंडात निघालेले एका पेनीचे काळे तिकीट पोलादावर कोरलेले होते. चार्ल्स हीथ व त्याचा पुत्र फ्रेडरिक यांनी ते कोरले. त्यावरील मुख विल्यम वायन याच्या १८३७ च्या पदकावरून घेतले होते, आणि वायनने त्यासाठी राणीचे रेखाटन केले तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. ते कोवळे मुख ब्रिटनच्या तिकिटांवर पुढे कायम राहिले. १९०१ साली महाराणी एक्याऐंशी वर्षांची होऊन वारली, तरी तिकिटावर तिचे वय वाढलेच नाही. राजचित्र खोटे न बोलताही किती गोष्टी लपविते, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

नाव खरे की मुख खरे?

संग्राहकाचा पहिला धडा हा की, चित्राखालील नावावर एकदम विश्वास ठेवू नये. १६१८ साली लंडनास ‘बॅझिलिऑलॉजिया’ नावाचा राजचित्रांचा संच निघाला. त्यात १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमपासूनच्या राजांची मुखे आहेत. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या विल्यमचे खरे मुख कोरणाऱ्यास कोठून मिळणार? ते कल्पनेने भरलेले आहे.

याहून विलक्षण गोष्ट पिएर लोंबार याने कोरलेल्या एका घोडेस्वाराची. चित्रकार व्हॅन डाइकच्या धर्तीवर त्याने घोड्यावर बसलेल्या पुरुषाचे मोठे चित्र कोरले. त्या एकाच पत्र्यावरील शिर घासून काढून वेळोवेळी दुसरे बसविण्यात आले. कधी त्या घोड्यावर ऑलिव्हर क्रॉमवेल बसला, तर कधी पहिला चार्ल्स. ज्या राजाचा १६४९ साली शिरच्छेद झाला आणि तो घडवून आणणाऱ्यांत जो अग्रेसर होता, त्या दोघांनी एकाच धडावर आळीपाळीने डोके ठेवले! संग्राहकांत हे चित्र ‘बिनशिराचा घोडेस्वार’ म्हणून प्रसिद्ध आहे, कारण शिर काढलेल्या अवस्थेतील प्रतीही मिळालेल्या आहेत. तांबे महाग आणि कोरण्याची मेहनत मोठी. राजा बदलला म्हणून व्यापारी पत्रा फेकून थोडाच देणार!

हसून सोडण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण हाच प्रसंग आपल्यावरही आलेला आहे. एके काळी एका मुसलमान सरदाराचे चित्र छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून आपल्याकडे चालत असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा आधार घेऊन ते चुकीचे असल्याचे दाखविले आणि महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे ठेवले. हॉलंडात १७२४ ते १७२६ या काळात छापलेल्या व्हॅलेंटाइन याच्या ग्रंथात महाराजांचे कोरीव चित्र आहे. तेव्हा कोरीव चित्राची पारख म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे. तिच्या अभावी आपण भलत्याच पुरुषास हार घालीत बसतो.

चित्र कसे वाचावे?

एक साधे भिंग घ्यावे आणि पुढील क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट कडांची. तांब्याच्या पत्र्याने दाबलेल्या कागदावर चित्राभोवती एक चौकोनी खळगा उमटतो. बोटाने तो हलकेच चाचपता येतो. मात्र कडा कापलेल्या असल्यास तो नाहीसा झालेला असतो.

दुसरी गोष्ट रेषांची. कोरीव रेषेची शाई कागदावर किंचित उचललेली दिसते आणि रेषेचे टोक निमुळते असते. भिंगातून सर्वत्र सारख्या अंतराचे बारीक ठिपके दिसले, तर ते चित्र छायाचित्रावरून यंत्राने केलेले आहे असे समजावे. ही रीत १८८० नंतरची. १९११ च्या दिल्ली दरबाराची आणि १९३५ च्या रौप्यमहोत्सवाची पुष्कळ चित्रे या वर्गातली आहेत. ती ठेवावी, पण कोरीव म्हणून मिरवू नयेत. आपल्या घरांतील राजा रविवर्म्याच्या किंवा पुण्याच्या चित्रशाळेच्या जुन्या तसबिरी शिळेवरून छापलेल्या आहेत. शिळाछापात पत्र्याचा खळगा नसतो. तुलनेसाठी त्या फार उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट कागदाची. उजेडासमोर धरल्यास जुन्या कागदात तारांच्या समांतर रेषा व कधी कधी कागद करणाऱ्याचे चिन्ह दिसते. मागील बाजूस मजकूर छापलेला असेल, तर ते चित्र बहुधा वर्तमानपत्रातून कापलेले लाकडी ठशाचे आहे.

चौथी गोष्ट अक्षरांची. चित्राखाली डावीकडे एक नाव व ‘पिंक्सिट’ हा लॅटिन शब्द असतो. म्हणजे ‘याने रंगविले’. उजवीकडे ‘स्कल्पसिट’, म्हणजे ‘याने कोरले’. ‘एक्स्क्यूडिट’ म्हणजे ‘याने प्रसिद्ध केले’. १७३५ च्या इंग्रजी कायद्याने कोरीव चित्राचा हक्क राखण्यासाठी मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर घालणे आवश्यक झाले. म्हणून त्यानंतरच्या पुष्कळ चित्रांवर दिवस, महिना व वर्ष मिळते. मात्र ती तारीख पत्र्याची, प्रतीची नव्हे; जुन्याच पत्र्यावरून शंभर वर्षांनीही प्रती काढता येतात. येथे कागदाची साक्ष घ्यावी लागते.

संग्रहास आरंभ

१७६९ साली जेम्स ग्रेंजर नावाच्या धर्मोपदेशकाने इंग्लंडच्या चरित्रात्मक इतिहासाचा ग्रंथ लिहिला आणि कोरीव चित्रांचे बारा वर्ग पाडले. पहिला वर्ग राजे, राण्या व राजकुल यांचा. वर्गवारीची ही कल्पना उत्तम होती, परंतु तिचा परिणाम वाईट झाला. लोक जुन्या ग्रंथांतील चित्रे कापून आपल्या पुस्तकांत चिकटवू लागले, आणि कित्येक चांगले ग्रंथ त्यामुळे विद्रूप झाले. मित्रहो, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या पुस्तकातून एकही पान काढू नका. ज्या संग्रहासाठी दुसऱ्याचा ग्रंथ फाटतो, तो संग्रह नव्हे, लूट होय.

आरंभ घरापासून करावा. जुनी नाणी, जुनी टपालपत्रे, रद्दीवाल्याकडे जाणारे जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ आधी पाहावे. प्रतापनगरातील नव्या घरांतूनही गावाकडून आलेली एखादी जुनी पेटी असतेच. मिळालेल्या प्रत्येक चित्राची वहीत नोंद करावी : कोणाचे चित्र, कोणी कोरले, कोणते वर्ष, कोठून मिळाले, आणि कोणती गोष्ट अनिश्चित आहे. पाच चित्रांची अशी वही पन्नास बिननोंदीच्या चित्रांहून श्रेष्ठ. आपल्या शहरातील १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास लोक अजब बंगला म्हणतात, तेथे वस्तू कशा मांडतात व त्यांवर चिठ्ठ्या कशा लावतात, हे एकदा याच दृष्टीने पाहून यावे.

जतन

नागपूरचा उन्हाळा कागदास ठिसूळ करितो आणि पावसाळा त्यास बुरशी आणितो. यास्तव चित्रावर ऊन पडू देऊ नये व ते ओलीच्या भिंतीस टांगू नये. डिंक, खळ अथवा चिकटपट्टी यांचा चित्रास स्पर्श होऊ नये. फाटले असल्यास तसेच ठेवावे. अडाणी डागडुजीने अधिक नुकसान होते. स्वच्छ कागदाच्या पाकिटात आडवे ठेवून वाळवी व कसर लागली नाही ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. सुबक दिसावे म्हणून कडा कधीही कापू नयेत, कारण चित्राची साक्ष तेथेच असते.

पालकांस आमची एक विनंती आहे. घर आवरताना ‘जुना कागद’ म्हणून जे रद्दीत जाते, ते टाकण्यापूर्वी एकदा मुलास दाखवावे. रावबहादूर द. ब. पारसनीस (१८७०–१९२६) यांनी जन्मभर जुने कागद व जुनी चित्रे मिळविली. त्यांचा संग्रह सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयात ठेवण्यात आला आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला, तेव्हापासून अभ्यासकांस तो उपयोगी पडला. इतरांनी निरुपयोगी ठरविलेले कागद अशा रीतीने महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने झाली.

राजे गेले, राज्ये गेली; नागपूरचे भोसले गेले आणि त्यांचे राज्य घेणारेही गेले. मागे राहिला तो कागद, आणि त्यावरील कारागिराची रेषा. ती रेषा नीट पाहावयास जो शिकेल, तो पुढे कोणत्याही चित्रास, मग ते राजाचे असो वा लोकनायकाचे, कागदावरचे असो वा पडद्यावरचे, हे कोणी केले, कोणासाठी केले आणि यात काय झाकले आहे, असे विचारल्यावाचून राहणार नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय जडली, म्हणजे संग्रहाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.