छोट्या घराचा जिना : जागा कुठे वाचवावी आणि कुठे वाचवू नये



आमच्या जुन्या घरात माडीवर जायला लाकडी दादर होता. गुजरातीतही जिन्याला दादरच म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्या वडोदऱ्याच्या मराठीत अजून टिकून आहे. दादर अरुंद आणि उभा होता. धरायला वरून दोर सोडलेला होता. आई त्याच्यावरून चाळीस वर्षे चढली-उतरली, कधी पडली नाही. पुढे मी खालच्या खोलीत जुन्या फरशीवरच नवीन फरशी बसवून घेतली. जमीन दीड इंच वर आली. त्यानंतर आठवडाभरातच एका सकाळी आई खाली उतरताना शेवटच्या पायरीवर अडखळली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा माडीवर गेली नाही.

दादर तोच होता. फक्त सर्वांत खालची पायरी इतरांपेक्षा दीड इंच बुटकी झाली होती. पायाला चाळीस वर्षांची सवय, तो जमीन जिथे असायची तिथेच शोधत होता. मी आयुष्यभर भूमिती शिकवली, आणि ही साधी वजाबाकी माझ्या लक्षात आली नाही. म्हणून आजचा पाठ जिन्याचा.

जिन्याला जागा किती लागते?

पायरीला दोन मापे असतात. एक उभे, म्हणजे एका पायरीपासून दुसरीची उंची. दुसरे आडवे, म्हणजे पाऊल ठेवायला मिळणारी जागा. गवंडी आणि सुतार यांना ‘रायझर’ आणि ‘ट्रेड’ म्हणतात. आपण त्यांना ‘चढ’ आणि ‘पाऊलजागा’ म्हणू.

समजा, दहा बाय बाराची एक खोली आहे. छत उंच आहे, म्हणून जमिनीपासून साडेसात फुटांवर, म्हणजे ९० इंचांवर, झोपण्यासाठी पोटमाळा करायचा आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात चढ जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि पाऊलजागा कमीत कमी २५ सेंटिमीटर असावी. म्हणजे साधारण साडेसात इंच आणि दहा इंच.

९० ला साडेसातने भागा. १२ चढ येतात. बारावा चढ पोटमाळ्यावरच पोहोचवतो, म्हणून पायऱ्या ११ लागतात. ११ गुणिले १० म्हणजे ११० इंच, अर्थात ९ फूट २ इंच लांबी. रुंदी अडीच फूट धरली तर जिन्याने सुमारे २३ चौरस फूट जागा घेतली. खोली १२० चौरस फुटांची. जवळजवळ पाचवा हिस्सा जिन्यातच गेला!

या जिन्याचा चढ आणि पाऊलजागा यांचे गुणोत्तर ३ : ४ आहे. आठवी-नववीच्या मुलांना इथे ३-४-५ चा काटकोन त्रिकोण लगेच दिसेल. जिना जमिनीशी सुमारे ३७ अंशांचा कोन करतो.

एक जुने सूत्र

जिना किती उभा असला तरी चालेल, याचा विचार फ्रान्सचे वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात केला. सपाट जमिनीवर माणसाचे एक पाऊल ठरावीक लांबीचे पडते. वर चढायला मात्र जास्त कष्ट लागतात. म्हणून चढाची दुप्पट आणि पाऊलजागा यांची बेरीज एका पावलाइतकी असावी, असे त्यांचे सूत्र आहे. आजच्या मापात ही बेरीज साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. आपल्या जिन्याची बेरीज ७.५ × २ + १० = २५ इंच, म्हणजे साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. सूत्रात बसते.

या सूत्रातून एक उपयोगी गोष्ट कळते. चढ वाढवला तर पाऊलजागा कमी करता येते, पण दोन्ही मनाला येईल तसे बदलता येत नाहीत.

अमेरिकेतील चिमुकली घरे

अमेरिकेत गेल्या काही दशकांत ‘टायनी हाउस’ म्हणजे चिमुकल्या घरांची चळवळ वाढली. यांतली बरीच घरे चाकांच्या गाड्यावर बांधतात. रस्त्यावरून न्यायची असल्यामुळे त्यांची रुंदी साधारण साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. झोपायची जागा पोटमाळ्यावर, आणि तिथे जायचा जिना हाच सगळ्यांत अवघड प्रश्न. म्हणून तिथल्या २०१८ च्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या नियमावलीत ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान घरांसाठी एक स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले. त्यात अशा जिन्याचा चढ ७ ते १२ इंच ठेवण्याची मुभा आहे, आणि पाऊलजागेसाठी सूत्र दिले आहे :

पाऊलजागा = २० इंच – (चढाचे ४/३)

आता आपला ९० इंचांचा पोटमाळा घ्या. चढ ९ इंच ठेवला तर १० चढ आणि ९ पायऱ्या. ९ चे ४/३ म्हणजे १२. २० वजा १२ म्हणजे ८ इंच पाऊलजागा. ९ गुणिले ८ म्हणजे ७२ इंच, बरोबर ६ फूट. रुंदी २ फूट ठेवली तर जागा १२ चौरस फूट. २३ वरून १२ वर आलो!

वरही बचत होते. चढताना डोके आपटू नये म्हणून जिन्यावरचा पोटमाळ्याचा भाग उघडा ठेवावा लागतो. या परिशिष्टात डोक्यावर ६ फूट २ इंच मोकळी जागा सांगितली आहे. पोटमाळ्याची जाडी ६ इंच धरून हिशेब करून पाहा : दुसऱ्या पायरीपासूनच वरची फळी कापावी लागते. म्हणजे जिना जितका लांब, तितके पोटमाळ्यातले भोक लांब. जिना आखूड झाला की खाली आणि वर दोन्हीकडे जागा वाचते.

जागा वाचवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग, जिन्याखालची पोकळी वापरणे. जपानमध्ये एदो काळापासून (१६०३ ते १८६८) ‘काइदान-दान्सु’ नावाचे जिन्याचे कपाट प्रसिद्ध आहे. प्रत्येक पायरीखाली खण किंवा कप्पा असतो. आपल्या ९ पायऱ्यांच्या जिन्याखाली किती सामान मावेल? पायऱ्यांची उंची ९, १८, २७ अशी ८१ पर्यंत. या श्रेढीची बेरीज ४०५ इंच. तिला पाऊलजागा ८ आणि रुंदी २४ ने गुणले, की ७७,७६० घन इंच. १७२८ ने भागले, की बरोबर ४५ घनफूट. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल लोखंडी कपाटाचे घनफळ सव्वाएकोणतीस घनफूट असते. फळ्यांची जाडी वजा केली तरी एका मोठ्या कपाटाहून अधिक सामान जिन्यातच राहते, आणि कपाटाची जमीन मोकळी होते. माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग, कारण यात चालणाऱ्याचे काहीच कमी होत नाही.

दुसरा मार्ग, एकाआड एक पायऱ्या. यात प्रत्येक पायरी एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला कापलेली असते. डावी, उजवी, डावी, उजवी अशी पावले पडतात. ज्या पायाची पाळी नाही त्याच्या बाजूचे लाकूड कापलेले असल्यामुळे खालची पायरी झाकली जात नाही. पायऱ्या पाच-पाच इंचच पुढे सरकतात, पण प्रत्येक पावलाला दहा इंच जागा मिळते. जिना सुमारे चार फुटांत बसतो. तोटाही आहे : पहिले पाऊल नेहमी त्याच पायाने टाकावे लागते. लहान मूल, पाहुणा किंवा झोपेतून उठलेला माणूस चुकू शकतो. म्हणून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत असा जिना फक्त पोटमाळ्यावरच्या एका खोलीसाठी, आणि साध्या जिन्याला जागाच नसेल तेव्हाच मान्य आहे.

तिसरा मार्ग गोल जिन्याचा. तो कमी जागा घेतो असा सर्वत्र समज आहे. पाच फूट व्यासाच्या गोल जिन्याचे क्षेत्रफळ काढा : साडेएकोणीस चौरस फुटांच्या वर. तो ज्या चौकोनात बसतो तो २५ चौरस फुटांचा. कोपरे वाया जातात, खाली कपाट करणे अवघड, आणि गादी वर नेताना घरातल्या सगळ्यांचा घाम निघतो. खोलीची लांबी कमी आणि चौक मोकळा असेल तिथेच तो उपयोगी.

जिथे वाचवू नये

तीन गोष्टींत काटकसर करू नये.

एक, सर्व चढ समान हवेत. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय माप पाठ करतो आणि मग डोळे पाहणे सोडून देतात. अमेरिकेच्या त्याच नियमावलीत जिन्याच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चढात तीन अष्टमांश इंच, म्हणजे तीन सुतांहून जास्त फरक चालत नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका भुयारी रेल्वे स्थानकाच्या जिन्याचे चित्रण प्रसिद्ध झाले होते. एकच पायरी थोडीशी उंच, आणि माणसामागून माणूस नेमका तिथेच ठेचकाळत होता! नंतर ती दुरुस्त झाली. आमच्या घरी तर फरक दीड इंचाचा होता. म्हणून उंची मोजताना नेहमी तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजावी, आणि फरशी बदलली तर जिना पुन्हा मोजावा.

दोन, हाताला धरायला कठडा हवा. जिना जितका उभा, तितकी त्याची गरज जास्त. पोटमाळ्याच्या कडेलाही कठडा हवा, आणि त्याच्या गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये. जिथून चेंडू जातो तिथून लहान मुलाचे अंगही निसटते.

तीन, उजेड. पहिल्या आणि शेवटच्या पायरीची कड दिसलीच पाहिजे. दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे असावे.

पालकांसाठी

घरात पोटमाळा करणार असाल तर ‘किती जागा वाचेल?’ याआधी ‘कोण चढणार?’ हा प्रश्न विचारा. फक्त बॅगा आणि गाद्या ठेवायच्या असतील तर शिडी पुरेशी आहे. रोज मुले झोपायला जाणार असतील तर ९ आणि ८ इंचांचा जिना, दोन्ही बाजूंना कठडा, असा विचार करता येईल. आजी-आजोबा चढणार असतील तर मात्र साडेसात आणि दहाच ठेवा, किंवा त्यांची निजण्याची सोय खाली करा. प्रत्यक्ष काम काढण्यापूर्वी अभियंत्याला दाखवा आणि स्थानिक नियम विचारा. अमेरिकेतली सूट आपल्याकडे लागू होत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घराच्या किंवा इमारतीच्या जिन्याचा प्रत्येक चढ मोजा आणि तक्ता करा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान चढ यांतला फरक किती?

२. चढाची दुप्पट अधिक पाऊलजागा ही बेरीज सेंटिमीटरमध्ये काढा. ती ६० ते ६५ मध्ये बसते का?

३. पोटमाळा ८४ इंचांवर आहे. चढ साडेदहा इंच ठेवला तर चिमुकल्या घराच्या सूत्राने पाऊलजागा आणि जिन्याची लांबी काढा. (उत्तर : ६ इंच, ७ पायऱ्या, साडेतीन फूट.) अशा जिन्यावरून तुमची आजी उतरेल का? कारणासह लिहा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. मुलांना आपल्या शाळेचे जिनेही मोजू द्यावेत, आणि जिथे फरक सापडेल तिथे दुरुस्ती होईपर्यंत पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारून घ्यावा. एक डबा रंग आणि एक दुपार एवढेच काम आहे. मोजपट्टी माझ्याजवळची देतो. आमच्या घरी ती कपाटात होती, तेव्हा मी काढली नाही.