प्रलयानंतरची मुलगी

जग संपल्यानंतरच्या कथा म्हणजे निव्वळ थरार, असा आपल्याकडे समज आहे. रॉबर्ट ओब्रायन यांची १९७४ साली प्रसिद्ध झालेली ‘झेड फॉर झॅकराया’ ही कादंबरी अभ्यासताना मला हा समज अपुरा वाटला.

अणुयुद्धात सारे उजाड झाले आहे. डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची ॲन बर्डन तेवढी उरली आहे. आणखी कुणी वाचले आहे का, हे पाहायला गेलेली घरची माणसे परतलेली नाहीत. गाईची धार काढणे, पेरणी, भाजीचे वाफे ही शेतकरी घरात अंगवळणी पडलेली कामेच तिला जगवतात. पुढे लूमिस हा रसायनशास्त्रज्ञ तेथे येतो. आजारपणात ती त्याची शुश्रूषा करते. बरा झाल्यावर तो तिच्यावरच मालकी सांगू लागतो. ॲन त्याच्या अधीन होत नाही. ती आपले खोरे सोडून निघते. शिक्षकाची वाट पाहणारी मुले तिला स्वप्नात दिसलेली असतात.

हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचा प्रलय कल्पनेतला नव्हता. त्यांचा जन्म १८५८ चा. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरल्या त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघे उपाशीतापाशी पायी उत्तरेपर्यंत भटकले. पांघरूण नव्हते, म्हणून झेलमकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळूच ओढून झोपले. आईने शिकवलेले संस्कृत मात्र जवळ होते. त्याच विद्येच्या बळावर १८७८ साली कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. प्रांतातल्या निराधार मुली आणि विधवा त्यांनी सोबत नेल्या. केडगावला त्यांना आसरा दिला, लिहायला-वाचायला आणि हातचे काम करायला शिकवले. ॲनला स्वप्नात दिसलेला वर्ग रमाबाईंनी असा प्रत्यक्ष भरवला.

दोघींना तारले ते संकटापूर्वी घरात मिळालेल्या शिक्षणाने; एकीला शेतीच्या, दुसरीला संस्कृताच्या. ‘मुलीला इतके शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न आजही आपल्या घरांतून ऐकू येतो. ती विद्या कोणत्या दिवशी उपयोगी पडेल, हे रमाबाईंच्या आईला तरी कुठे ठाऊक होते? तरीही तिने शिकवले.