पोलिसांचं पत्र नसलं तरी

माझ्या जवळच्या नात्यातली मुलगी. सज्ञान, नोकरी करणारी. तिच्यावर अत्याचार झाला त्या रात्री मी तिला घेऊन जवळच्या खासगी हॉस्पिटलात गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ही पोलीस केस आहे. आधी ठाण्यातून पत्र आणा, मग डॉक्टर बघतील." वर डिपॉझिटही मागितलं. ती अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून माझ्या मागे उभी होती. तो माणूस बोलला ते सरळसरळ बेकायदेशीर होतं. आणि हे घराघरात माहीत असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

२०१३ साली कायदा बदलला. तेव्हापासून सरकारी असो की खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने बलात्कारपीडितेवर तात्काळ आणि मोफत उपचार करायलाच हवेत. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली हॉस्पिटलच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांना कळवायचं काम हॉस्पिटलचं आहे, पीडितेचं नाही.

आम्ही तिथून थेट सिव्हिलला गेलो. तिथल्या डॉक्टरबाई स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या. प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते सांगायच्या, "करू का?" विचारायच्या आणि मगच हात लावायच्या. एका तपासणीला ती नाही म्हणाली. बाईंनी तशी नोंद केली, तिची सही घेतली आणि उपचार चालू ठेवले. तपासणीला संमती न देण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, पोलिसांत तक्रार करायची नसेल तरीही औषध मिळालंच पाहिजे. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, मात्र कोणी करू लागलं तर ठामपणे थांबवा. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट वेळ. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. गर्भ राहू नये म्हणून देतात ती गोळीही लवकर घेतली तरच जास्त उपयोगी पडते. पुरावा टिकावा म्हणून जमलं तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. ते प्लास्टिकच्या नाही, कागदी पिशवीत ठेवा. आंघोळ झाली असली तरीही हॉस्पिटलात जा. अंगावर जखम दिसत नाही म्हणून कुणी शंका घेतली, तर ऐकून घेऊ नका.

दारातूनच परत पाठवलं, तर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, ११२ ला फोन लावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्या हॉस्पिटलची तक्रार नंतरही करता येते. आधी दुसरं हॉस्पिटल गाठा.