शेतातील पीक, ताटातील अन्न व शरीरप्रकृती

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पीकपद्धती पालटली, हे आमच्या वाचकांस विदितच आहे. परंतु पिकाबरोबर घरातील आहार व आहाराबरोबर शरीरप्रकृतीही पालटली, इकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करू.

पूर्वी पश्चिमेकडील मावळपट्ट्यात भात, नाचणी, वरई व खुरासणी, तर पूर्वेकडे बाजरी, मटकी व हुलगा पिकत असे. जे पिके तेच घरी शिजे. पुढे येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे या धरणांचे पाणी आले आणि ऊस, टोमॅटो, कांदा व द्राक्षे वाढली. त्यांनी घरात पैसा आणला. हा लाभ आम्ही कमी लेखीत नाही. मात्र कणगीची जागा दुकानाने घेतली. गहू, सडीक तांदूळ, साखर, पिशवीतील तेल, बिस्किटे व फरसाण नित्याचे झाले. इकडे मोट जाऊन विद्युत्पंप व बैल जाऊन ट्रॅक्टर आल्याने अंगमेहनत घटली. आहार श्रमाहून अधिक झाला की तो मेदरूपाने साठतो. त्यातूनच मधुमेह व रक्तदाब यांस वाट मिळते.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 23 टक्के स्त्रिया व 25 टक्के पुरुष प्रमाणाहून अधिक वजनाचे आढळले. त्याच पाहणीत 54 टक्के स्त्रियांस रक्तक्षय होता. अंग भरले म्हणजे रक्त भरले, असे नव्हे. 100 ग्रॅम बाजरीत लोह 6 मिलिग्रॅमांहून अधिक असते, सडीक तांदळात 1 हून कमी. नाचणीत कॅल्शियम सुमारे 350 मिलिग्रॅम, तर तांदळात 10 च्या आसपास.

साखरेचाही हिशेब पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी उष्णता एकंदर आहाराच्या दशांशाहून कमी असावी; म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात 50 ग्रॅमांहून कमी. दोन चमचे साखरेचे पाच प्याले चहा घेतले की ही मर्यादा संपली.

उपाय अवघड नाही. नगदी पीक सोडा, असे आमचे म्हणणे नाही. खरिपात घरापुरती 10 गुंठे बाजरी व तीत मटकी किंवा तुरीच्या ओळी पेराव्या. 2012 साली प्रसारित झालेला अधिक लोहाचा 'धनशक्ती' वाण याकामी योग्य आहे. एकरी 4 क्विंटल उतारा धरला तरी 1 क्विंटल धान्य येते. पाच माणसांच्या घरी रोज अर्धा किलो पिठाप्रमाणे ते 200 दिवस पुरेल. मावळात हेच स्थान नाचणीस द्यावे.

बाजारासाठी पिकविताना आपल्या ताटासाठीही चार सऱ्या राखाव्या, एवढीच आमची विनंती आहे.