खड्डे पडलेल्या हिरवळीची दुरुस्ती

कृषी पर्यटन केंद्र, मंगल कार्यालय किंवा घरापुढील हिरवळ काही वर्षांत उंचसखल होते, खड्ड्यांत पाणी साचते आणि गवत पिवळे पडते. अशा वेळी सगळी हिरवळ उपटून नव्याने लावण्याचा खर्च बहुधा टाळता येतो. हरळी मुळाशी जिवंत असेल तर ती पुन्हा पसरते.

कारण शोधावे

भरावाची माती खाली बसणे, ओल्या हिरवळीवरून वाहने नेणे, मंडपाचे खांब रोवणे ही नेहमीची कारणे आहेत. भारी काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळेही पातळी बिघडते. गवत सतरंजीसारखे सहज उचलले जात असेल तर खाली हुमणी आहे का ते पाहावे. दाट सावलीत हरळी विरळच राहते. तेथे दुरुस्तीवर खर्च करू नये.

दुरुस्तीची पद्धत

१) जून-जुलैमध्ये वाफसा असताना काम करावे. लव्हाळा गाठींसह खणून काढावा. गवत आखूड कापावे.

२) दोन-अडीच सें.मी. खोलीच्या खड्ड्यात चाळलेली पोयटा माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग मिसळून एका वेळी फक्त एक सें.मी. थर द्यावा. पात्यांची टोके वर दिसली पाहिजेत. गवत वर आल्यावरच पुढचा थर द्यावा.

३) त्याहून खोल खड्ड्यावर मधोमध चीर देऊन पाच सें.मी. जाडीचा गवताचा थर मुळांसह दोन्ही बाजूंना उलटावा. खाली माती भरून चोपावी व थर पुन्हा बसवावा. उंचवट्यावर याच रीतीने खालची माती काढावी.

४) उघड्या जागी हरळीचे मुळ्या असलेले तुकडे १० सें.मी. अंतरावर लावावेत.

येथे घाई नडते. मी स्वतः एकदा खड्ड्यात चार बोटे काळी माती एकदम टाकली. गवत गुदमरून मेले, माती भेगाळली आणि तो तुकडा नव्याने लावावा लागला.

नंतरची निगा

पावसाने ताण दिल्यास हलके पाणी द्यावे. नवी फूट आल्यावर १०० चौ.मी.ला एक किलो युरिया सारखा फेकून लगेच पाणी द्यावे. ओल्या भारी जमिनीवर रोलर फिरवू नये. पहिली कापणी उंच ठेवावी. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पाते कापू नये.

एवढा एक पावसाळा हिरवळीला विसावा दिला, तर तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईला ती पुन्हा उपयोगी पडेल.